भावना दिलेलं चूर्ण, वासना लागलेले तीळ

दिवाळीच्या भेटीतून बडोद्याच्या वाडीतल्या आमच्या घरी एक निळी बाटली आली, अंगठ्याएवढी. लेबल तीन भाषांत. मराठीत छापलं होतं, ‘लॅव्हेंडर आवश्यक तेल. भावनिक स्वास्थ्यासाठी.’ वहिनींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. “भाऊजी, आवश्यक म्हणजे काय हो? आवश्यक तर सिंगतेल आहे, ते संपलंय.”

वहिनींचं बरोबर होतं. इंग्रजीतल्या ‘इसेन्शियल’चा इथे गरजेशी काही संबंध नाही. युरोपातल्या जुन्या किमयागारांना पृथ्वी, आप, तेज, वायू या चारांपलीकडचं पाचवं तत्त्व हाती हवं होतं. लॅटिनमध्ये ते ‘क्विंटा एसेन्शिया’, म्हणजे पाचवं सार. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने वनस्पतींतून असं सार काढून औषधात वापरण्याचा आग्रह धरला, आणि वनस्पतीचं सार ज्यात उतरलं ते ‘इसेन्शियल’ तेल झालं. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘बाष्पनशील तेल’ म्हणतात. हा शब्द जिभेला जड आहे, पण खोटा नाही. कागदावर सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, थेंब टाकला तर डाग कायमचा बसतो. निलगिरीचा टाकला तर थोड्या वेळाने कागद जवळजवळ कोरा दिसतो. उडून जाणं हाच या तेलाचा स्वभाव. खरं तर याला तेल म्हणणंसुद्धा उदारपणाच. तेल, तैल, म्हणजे तिळाचं. मोहरी, करडई, खोबरं हे सगळे पुढे त्या नावात शिरले, आणि शेवटी ज्याला तेलकटपणाही नीट जमत नाही असं हे लॅव्हेंडरही शिरलं.

असं लेबल बडोद्यात यावं याची जरा गंमत वाटते. याच शहरात सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ करवून घेतला. १९३१ साली तो प्रसिद्ध झाला. एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय मांडायचे आणि मग निवड करायची. एका कारकुनी शब्दासाठी सात भाषांची दारं ठोठावायची पद्धत होती. आता एक बटण दाबलं की ‘आवश्यक’.

पण लेबलावरचा दुसरा शब्द मला जास्त खिळवून गेला: ‘भावनिक’. भावनांसाठी सुगंधी तेल, ही कल्पना परदेशातून आली असं आपण धरून चालतो. ‘भावना’ हा शब्द मात्र सुगंध तयार करणाऱ्यांच्या खलबत्त्यात फार पूर्वीपासून आहे.

याचा पुरावाही बडोद्यातलाच. १९८९ साली इथल्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १७३ वा ग्रंथ म्हणून गंगाधराचा ‘गंधसार’ छापला. संपादक रामकृष्ण तुळजाराम व्यास. त्याच जिल्दीत अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ आहे, आणि त्याच्यावर चक्क मराठी टीका आहे. या ग्रंथांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. अत्तरापासून अंबरापर्यंत असल्या ‘किरकोळ’ विषयांवर त्यांनी आयुष्यभर निष्ठेने लिहिलं. गंधवादाच्या मराठी टीकेचा काळ त्यांनी साधारण १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठेवला. म्हणजे संतांची वाणी ज्या शतकांत घडत होती, त्याच शतकांत कुणीतरी मराठी माणूस अगरू, वाळा, नखला यांचे पाठ मराठीत समजावून देत बसला होता. आपल्या वाङ्मयेतिहासात त्याला दोन ओळीही मिळालेल्या नाहीत.

गंधसाराच्या आरंभी या विद्येचे फायदे सांगितले आहेत. देवपूजा होते, पुष्टी मिळते, धर्म, अर्थ, काम साधतात, दारिद्र्य जातं, राजा खूश होतो, आणि चतुर स्त्रियांच्या चित्ताला प्रमोद होतो. दारिद्र्य जाण्याचा मुद्दा बहुधा विकणाऱ्याच्या बाजूने असावा. त्यानंतर येतात गंधद्रव्यांवर करायच्या सहा क्रिया: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. पाचन आणि धूपन सोडले तर उरलेले चारही शब्द आज मराठी माणूस मनाबद्दल बोलताना वापरतो.

भावनेपासून सुरुवात करू. आयुर्वेदाच्या कारखान्यात हा शब्द आजही जिवंत आहे. तिथे भावना ‘वाटत’ नाही, ‘देतात’. खलात चूर्ण घ्यायचं, ते पुरतं भिजून चिखल होईल एवढा रस ओतायचा आणि घोटत राहायचं. आधी बत्ता चपचप वाजतो, मग चूर्ण खलाच्या कडांना चिकटतं, मग जड होतं, मनगट भरून येतं, आणि शेवटी सगळं पुन्हा कोरडं, मोकळं पडतं. ही एक भावना झाली. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या अशा एकवीस भावना दिल्या की आमलकी रसायन होतं. बाहेरून बघणाऱ्याला शेवटी पुन्हा चूर्णच दिसतं, रंग जरा गडद. पण एकवीस वेळा रस पिऊन बसलेलं ते चूर्ण वेगळं असतं.

शब्दाचं मूळ ‘भू’ धातूच्या प्रयोजक रूपात आहे: होणे, त्यावरून घडवणे. वैशेषिकांनी ‘भावना’ हे संस्काराच्या एका प्रकाराचं नाव ठेवलं. अनुभवाने आत्म्यावर उमटलेला आणि पुढे स्मरण घडवणारा संस्कार तो भावना. बौद्धांनी पुन्हा पुन्हा केलेल्या चिंतनाला भावना म्हटलं. आजचा ‘इमोशन’ हा अर्थ त्या मानाने कालचा. ‘माझ्या भावना दुखावल्या’ असं आपण म्हणतो तेव्हा भावना ही कुणीतरी धक्का मारावा अशी तयार वस्तू असते. वैद्याच्या खलातली भावना अजून भिजायच्या आणि वाळायच्या अवस्थेत असते, म्हणून मला ती अधिक खरी वाटते.

आता वासना. हा शब्द तर आपण पार बदनाम करून टाकला. वर्तमानपत्रात तो गुन्हेगारीच्या पानावरच भेटतो. गंधसारात वासन म्हणजे वास लावणं, फुलांच्या संगतीने एखाद्या द्रव्याला सुवासिक करणं. ही क्रिया पाहायची असेल तर जुन्या पद्धतीचं फुलेल कसं करतात ते बघावं. फुलेल म्हणजे फूल आणि तेल. जौनपूरचं चमेलीचं तेल त्यासाठी नावाजलेलं. तेलात फुलं बुडवून हे होत नाही. सोललेल्या तिळांचा थर, त्यावर ताज्या फुलांचा, पुन्हा तिळांचा, वरून कापड. फुलं कोमेजली की चाळून काढायची आणि नवी घालायची. असे काही दिवस गेले की तीळ घाण्यात घालतात, आणि जे निघतं ते चमेलीचं तेल. त्यात चमेली नावालाही नसते. फुलं केव्हाच उकिरड्यावर गेलेली असतात.

बौद्ध विज्ञानवाद्यांना चित्तातला संस्कार समजावून सांगायचा होता तेव्हा त्यांनी नेमका हाच दाखला घेतला. असंगाच्या ‘महायानसंग्रहा’त फुलांनी वासवलेले तीळ आहेत: फूल गेलं, तिळात वास राहिला, तशी कर्म संपल्यावर चित्तात वासना राहते. पतंजलीच्या योगसूत्रांतही चौथ्या पादात वासना येतात. काही कोशकार या शब्दाला ‘राहणे’ या अर्थाच्या वस् धातूकडे ओढतात. ओढोत. मुक्काम ठोकून राहणं आणि वास लागून राहणं यांत तिळाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

आणि मराठीने हा जुना अर्थ पूर्ण टाकलेलाही नाही. आजारी माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘अन्नावर वासना नाही.’ दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घोळक्यातलं कुणी जुनं माणूस पुटपुटतं, ‘कशात तरी वासना राहिली.’ मग कुणी पुढे होऊन शब्द देतो, नातीचं लग्न करू, कर्ज फेडू, आणि कावळा येतो किंवा येत नाही. इथे वासना म्हणजे कामविकार नव्हे. फूल गेल्यावर तिळात मागे उरलेलं जे काही, तेच.

वेध आणि बोध यांवरून लवकर पुढे जाऊ. बोध म्हणजे नावाप्रमाणे निजलेला वास जागा करणं. आपल्याकडे आता तो गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ या नात्याने येतो आणि वाचकाला झोपवतो. वेध म्हणजे टोचणं, कर्णवेधातला वेध. तयार मिश्रणाला तीव्र द्रव्याने भेदायचं. मराठीत ग्रहणाचे वेध लागतात, गणपतीचे लागतात, आणि बडोद्यात तर नवरात्रीचे पितृपक्षापासूनच लागतात. कस्तुरीच्या कणाने सगळा लेप व्यापावा तसा पुढे येणारा दिवस आत्ताचा दिवस व्यापतो.

मन आणि सुगंध यांना एकाच फळीवर ठेवण्याची ही खोड केवळ कारागिरांची नाही. अमरकोशात ‘आमोद’ म्हणजे दूरवर पसरणारा सुगंध, आणि आमोद म्हणजे आनंदही. ‘आमोदप्रमोद’ म्हणताना आपल्याला त्यातला वास येत नाही, एवढंच. ‘परिमल’, म्हणजे आपला परिमळ, याची तिथली व्याख्या तर फारच नेमकी आहे: चोळल्याने, मर्दनाने निघणारा, लोकांचं मन हरणारा गंध. फूल झाडावर असताना येतो तो परिमळ नव्हे. सहाणेवर खोड फिरू लागलं, उटणं अंगाला लागलं, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं आणि वाऱ्याने ती घासली, की मग परिमळ. आणि मन हरणं हे त्या व्याख्येतच आहे. मन हललं नाही तर तो परिमळच नव्हे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ च्या सुमारास एक विश्वकोश रचला आणि नाव दिलं ‘मानसोल्लास’, मनाचा उल्हास. त्यात राजाच्या भोगांची जी यादी आहे तिच्यात स्नान, विलेपन, धूप यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथातली, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला मानतात. तोही बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. गायकवाड सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला.

सहाण आली आहे तर ‘उगाळणे’ही घेऊ. चंदन उगाळलं तर गंध मिळतं. मराठीत ‘गंध’ म्हणजे वास आणि कपाळावरचा टिळा दोन्ही. पण माणूस दुःख उगाळतो, जुनी भांडणं उगाळतो, ‘तेच तेच उगाळत बसू नकोस’ असं त्याला सांगावं लागतं. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हणही याच सहाणेवरची. मनाच्या डॉक्टरांकडे विचारांच्या या घोटाळ्यासाठी भारदस्त नाव आहे. चंदन न उगाळता कोळसा उगाळणं, एवढं म्हटलं तरी रोग्याला कळेल.

या घराण्यातल्या काही शब्दांचे मात्र फारच वाईट दिवस आले. ‘घ्राण’ म्हणजे वास घेणं, नाक. प्राकृतात त्याचं घाण झालं, आणि मराठीत घाण म्हणजे काय ते सांगायला नको. ‘वास’ही उतरणीला लागला आहे. ‘इथे वास येतोय’ म्हटलं की माणूस आधी चपलेचा तळवा बघतो. चांगला असेल तर ‘सु’ लावून प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या मराठीत वास पाहणं म्हणजे वाट पाहणं. तो वेगळाच वास, दिशेचा. आणि सुवासिनीचा सुवासाशी संबंध जोडणाऱ्यांना हळदीकुंकवाच्या दिवशी दुखवू नये, पण ती ‘निवासा’तली आहे, केवड्यातली नव्हे.

वासाचं मराठीत असं झालं तरी गुजरातीत राहणाऱ्या मराठी माणसाची सोय आहे. ती सांगण्याआधी वाडीबद्दल थोडं. आमची वाडी म्हणजे जुन्या बडोद्याच्या कोटाला लागून असलेली वस्ती. पुण्याचा पाहुणा ‘वाडी’ ऐकून कोकणातल्या एखाद्या वाडीसारखं चार घरांचं खेडं डोळ्यांपुढे आणतो. गुजरातीत वाडी म्हणजे बाग, मळा, आणि ज्ञातीचं लग्नकार्याचं सभागृहसुद्धा. दोन्ही निघाल्या संस्कृत वाटिकेतून. वसई-अलिबागकडे नारळी-पोफळीची वाडी म्हणतात तिथे मराठीनेही बाग राखली आहे, फुलवाडीत तर आहेच. बडोद्याचं एक जुनं नाव चंदनावती होतं, चंदन राजाच्या नावावरून, अशी आख्यायिका गॅझेटिअरवाले देतात. ऐकायला सुगंधी आहे, पण इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात गावाचं नाव वडपद्रक आहे. म्हणजे वडाचं गाव. वडाला वास नसतो.

शेजारच्या बेन दुपारी मोगऱ्याची वेणी घेऊन आल्या की म्हणतात ‘मघमघाट’. आपण म्हणतो घमघमाट. एकच आवाज उलटा केलेला. यात जुनं कोण? जैनांच्या कल्पसूत्रात त्रिशलेच्या शयनगृहाचं वर्णन आहे. तिथे अगरू आणि धूप जळतोय आणि सारं ‘मघमघंत’ आहे. म्हणजे गुजरातीने प्राकृतातला क्रम जपला, आपण ‘घ’ पुढे काढला. मराठी कवी ‘मघमघणं’ वापरतात, पण मराठी स्वयंपाकघरात घमघमाटच सुटतो. ‘घ’ला सुरुवातीला आणलं की वास जवळून येतो, ‘म’ला आणलं की लांबून. माझा हा दावा कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही, पण वहिनींना पटला.

आता दुसरा प्रवाह, अरबी-फारसीचा. अत्तर हा अरबी ‘इत्र’, फारसीतून आलेला. अर्काची कथा जास्त चविष्ट आहे. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याच्या आतल्या अंगाला वाफ थेंबाथेंबाने जमते, तो त्या भांड्याचा घाम. यावरूनच दारूचा ‘अरॅक’ निघाला आणि औषधाचा अर्कही. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुई. नवा अर्थ त्या जुन्या कपड्यात असा काही बसला की ‘अर्कप्रकाश’ नावाचा संस्कृत ग्रंथ तयार झाला आणि त्याचं कर्तृत्व थेट रावणाला देण्यात आलं. लंकेत अरबी शिकवत असत असं मानावं लागेल. मराठीने त्यावर कडी केली. बडीशेपेचा अर्क असतो, आणि शेजारचा बंडूही ‘एक नंबरचा अर्क’ असतो. दहा पोरांचा खट्याळपणा एका बाटलीत उतरलेला.

ज्या भांड्यात हा घाम काढायचा त्याचं अरबी नाव ‘अल्-अंबीक’. ते ग्रीक ‘अंबिक्स’वरून, म्हणजे पेल्यावरून. युरोपात त्याचं ‘अलेंबिक’ झालं. बडोदेकरांना हा शब्द रस्त्याचं आणि कारखान्याचं नाव म्हणून पाठ असतो. कलाभवन या बडोद्याच्या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली ‘अलेंबिक केमिकल वर्क्स’ काढलं, सुरुवातीला टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला. कारखान्याला देवाचं किंवा महाराजांचं नाव न देता एका भांड्याचं दिलं, हे मला फार आवडतं. अलेंबिक रोडने रोज जाणाऱ्या हजारो माणसांच्या तोंडी ग्रीक पेला अरबी ‘अल्’ लावून बसला आहे.

कनौजचे अत्तरवाले अजून तांब्याची देग वापरतात. देगेत फुलं आणि पाणी, खाली शेणी-लाकडं, वरून बांबूची नळी, तो चोंगा, आणि नळी जिथे उतरते ते पाण्यात बुडवलेलं भांडं म्हणजे भपका. भपक्यात परंपरेने आधीच चंदनाचं तेल असतं, वाफ त्यात शोषली जाते. वाफ, भाप, भपका, भपकारा हे एकाच गणगोतातले दिसतात. मराठीने मात्र भपका लग्नाच्या मांडवात नेला: नुसता भपका, आत काही नाही. भांड्यावर हा अन्याय आहे. कनौजच्या भपक्यात जे असतं तेच खरं, बाकी सगळी वाफ.

अत्तराने मराठीला श्रीमंती वाक्प्रचार दिले. ‘अत्तराचे दिवे लावणे’ म्हणजे उधळपट्टीची हद्द. हल्ली बाजारात एक पणती मिळते, वर वाटी, वाटीत पाणी आणि चार थेंब तेल, खाली मेणबत्ती. वाक्प्रचार दोनशे रुपयांत खरा झाला. आणि ‘अत्तरगुलाब’ म्हणजे समारंभाचा शेवट. कानाच्या पाळीमागे फाया आला, हातावर अत्तर चोळलं गेलं, गुलाबदाणी शिंपडली, पानसुपारी झाली की समजायचं, आता उठा. पाहुण्यांना जायला सांगण्याची याहून गोड रीत मला ठाऊक नाही.

परदेशी बाटल्या आपल्याकडे पहिल्यांदाच आल्या असंही नाही. ताप आला की कपाळावर ‘युडीकोलन’ची पट्टी ठेवणाऱ्या आजीला ते जर्मनीतल्या कोलोन शहराचं पाणी आहे हे माहीत नव्हतं आणि त्याने काही अडलंही नाही. ‘निलगिरी’ची गोष्ट आणखी वाकडी. झाड ऑस्ट्रेलियाचं, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते दक्षिणेतल्या निळ्या डोंगरांवर लावलं, आणि आपण डोंगराचंच नाव झाडाला, मग तेलाला, मग सर्दीच्या रुमालाला दिलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निलगिरीचं तेल किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, तान्ह्याच्या नाकाशी ते लावू नये, आणि कुठलंही असलं तेल मोठ्यांनीही दुसऱ्या तेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावू नये. देगेतून निघालेला थेंब म्हणजे शेकडो फुलांचा घाम असतो. तो सौम्य कसा असेल?

लॅव्हेंडर हे नाव बहुतेक जण लॅटिन ‘लावारे’, म्हणजे धुणे, याच्याशी जोडतात. आंघोळीचं, धुण्याचं फूल. काही जण ते निळसर या अर्थाच्या शब्दाकडे नेतात. ‘अरोमाथेरपी’ शब्द घडवला फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले आणि जखमेवर लॅव्हेंडरच्या अर्काचा गुण आला, हा अनुभव त्यांनी नोंदवला. १९३७ साली त्याच नावाचं पुस्तक काढलं. ग्रीक ‘अरोमा’ म्हणजे मुळात मसाला. म्हणजे मसालोपचार. आमच्याकडच्या बायका लवंग-दालचिनी भाजताना ‘बरं वाटतंय’ म्हणतात, तो उपचार मानला जात नाही कारण त्यावर लेबल नाही.

पण लेबलाचा दावा कितपत खरा? वासाला डोक्यात जवळची वाट आहे, हे नक्की. नाकातल्या पेशींचा निरोप गंधकंदात जातो आणि तिथून भावना, आठवणी सांभाळणाऱ्या भागांत. बाकीची इंद्रियं आधी जिथे हजेरी लावतात तो थॅलॅमसचा थांबा त्याला लागत नाही. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांना लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा वास दिला तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ज्यांची वास घेण्याची शक्तीच नष्ट केली होती त्यांच्यावर काही परिणाम दिसला नाही. म्हणजे वास यायला हवा, तो नुसता छातीत जाऊन भागत नाही. माणसांवरचे प्रयोग बहुतेक लहान, आणि त्यांत एक अडचण कायमची: औषधाची गोळी खोटी देता येते, लॅव्हेंडरचा खोटा वास कसा देणार? हलक्या अस्वस्थतेत, झोपेआधी, काहींना बरं वाटतं. महिनोन्‌महिने माणूस उठत नाही, जेवत नाही, जगण्यावरून वासना उडाली आहे, तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं. तिथे बाटली पुरत नाही.

आपले शब्द या बाबतीत सावध आहेत. प्रसन्न, प्रसाद, विषाद, विषण्ण, अवसाद, हे सगळे ‘सद्’ या एकाच धातूचे, म्हणजे बसणे. उपसर्ग बदलला की मनाची बैठक बदलते: खाली बसलं की अवसाद, विखरून बसलं की विषाद, गाळ तळाशी बसून वर नितळ राहिलं की प्रसन्न. पाण्याला, शरदातल्या आकाशाला प्रसन्न म्हणतात ते याच अर्थाने. गाळ नाहीसा झाला असं तो शब्द म्हणत नाही, तळाशी बसला एवढंच म्हणतो. ‘मूड फ्रेश’ करणाऱ्या जाहिरातींहून हा दावा बराच लहान आहे आणि मला तरी तो पटतो. सुगंधाने मन प्रसन्न होतं असं आपण पूर्वीपासून म्हणत आलो. सुगंधाने मन बरं होतं असं आपण सहसा म्हणत नव्हतो.

तसा ‘प्रसन्न’ हा शब्दही अगदी सोवळा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या अधिकारात जे मद्याचे प्रकार येतात, त्यांत मेदक, आसव, अरिष्ट यांच्याबरोबर एक आहे ‘प्रसन्ना’. गाळ बसवून वरची नितळ काढलेली. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आम्ही वाडीकर सध्या निळ्या बाटलीवर भागवतो.